कंपनीचा व्हिसा : विमानात बसण्याआधी तपासायचे कागद

संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे यूएईत, साध्या पगारी नोकरीसाठी लागणारा कामाचा परवाना कामगाराला स्वतः काढता येत नाही. त्यासाठीचा अर्ज त्याला कामावर ठेवणारी तिथली कंपनी करते. परवाना तिथले मानव संसाधन व अमिरातीकरण मंत्रालय देते. कंपनी फ्री झोनमध्ये असेल, तर त्या झोनचे प्राधिकरण हे काम पाहते. देशात राहण्याचा परवाना याच कामाच्या परवान्यावर उभा असतो. नोकरी संपली आणि परवाना रद्द झाला, की ठरावीक मुदतीत दुसरी नोकरी शोधायची किंवा देश सोडायचा, हे दोनच मार्ग उरतात. आखाती देशांतल्या या व्यवस्थेला कफाला म्हणतात. गेल्या काही वर्षांत कायदे बरेच सैल झाले आहेत. पण कामगाराचा मुक्काम मालकाच्या नावाला बांधलेला असतो, ही मूळ गोष्ट कायम आहे.

म्हणून कामगाराची बाजू सर्वांत भक्कम असते ती तो भारतात असेपर्यंत. तोवर त्याने पैसे गुंतवलेले नसतात, घरची नोकरी सोडलेली नसते, आणि 'नाही' म्हणायला तो मोकळा असतो. मुंबईच्या विमानतळावरून निघाल्यावर यातली एकेक गोष्ट हातातून सुटते. जाऊन आलेल्यांचे अनुभव एकत्र ठेवले, तर बहुतेक फसवणुकींची रीत एकच दिसते. कागदांचा ठरलेला क्रम उलटा केला जातो: आधी पैसे, मग ऑफर, आधी राजीनामा, मग परवाना, आधी विमान, मग ऑफरवर सही. हा क्रम माहीत असणे आणि तो मोडू न देणे, हेच जाणाऱ्याचे खरे संरक्षण.

परवाना कसा निघतो

यूएईतल्या कंपनीला परदेशी कामगार हवा असेल, तर तिला प्रथम मंत्रालयाकडून त्या पदासाठी मंजुरी घ्यावी लागते. त्यानंतर मंत्रालयाच्या ठरावीक नमुन्यातले ऑफर लेटर तयार होते. पद, मूळ वेतन, भत्ते, कामाचे तास, सुट्टी, नोटीस हे सगळे त्यात असते. 2016 पासूनच्या नियमानुसार हे ऑफर लेटर कामगाराने देशात येण्याआधी वाचून त्यावर सही करायची असते. ते अरबी आणि इंग्रजीबरोबर कामगाराला समजणाऱ्या आणखी एका भाषेत देण्याची सोय आहे, आणि त्या भाषांत हिंदी आहे. सही झालेल्या ऑफरच्या आधारे परवान्याची प्राथमिक मंजुरी मिळते आणि मग नोकरीचा प्रवेश परवाना निघतो. बोलण्यात 'व्हिसा आला' म्हणतात, तो हा कागद. पुढे होणारा करार ऑफरशी जुळायला हवा. कामगाराच्या तोट्याचा बदल त्यात परस्पर करता येत नाही.

प्रवेश परवाना निघाल्यापासून 60 दिवसांत देशात जायचे असते. पोहोचल्यावर वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे, करार आणि एमिरेट्स आयडी हे टप्पे येतात. मुख्य भूमीवरच्या, म्हणजे फ्री झोनबाहेरच्या, कंपन्यांचा नोकरीचा निवास परवाना साधारण 2 वर्षांचा असतो. 2022 पासून पासपोर्टवर व्हिसाचे स्टिकर लावणे बंद झाले असून एमिरेट्स आयडी हाच राहण्याचा पुरावा आहे. त्यामुळे 'पासपोर्टवर स्टॅम्पिंग झाले की कळवतो' असे आजही सांगणाऱ्या मध्यस्थाची माहिती जुनी तरी आहे किंवा त्याचा हेतू तरी वेगळा आहे.

यातला प्रत्येक कागद कामगाराला स्वतः तपासता येतो. ऑफर लेटरवर व्यवहार क्रमांक असतो आणि तो मंत्रालयाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर टाकून पाहता येतो. प्रवेश परवाना दुबईचा असेल तर दुबईच्या निवास खात्याच्या आणि इतर अमिरातींचा असेल तर संघराज्याच्या ओळख व नागरिकत्व प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसतो. परवान्याच्या क्रमांकाची सुरुवात कोणत्या अमिरातीने तो दिला हे सांगते: 101 अबू धाबी, 201 दुबई, 301 शारजा. कंपनी दुबईची असल्याचे सांगितले आणि क्रमांक 301 ने सुरू झाला, तर लगेच फसवणूक ठरत नाही. पण कंपनीची नोंदणी नेमकी कुठे आहे, हा प्रश्न विचारायला हवा. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो हा पुरावा नव्हे. क्रमांक टाकल्यावर नाव, पासपोर्ट क्रमांक आणि पद जुळले, तरच तो परवाना खरा मानायचा.

भारतातली बाजू

परदेशी नोकरीसाठी जाणाऱ्यांचे नियमन भारतात 1983 च्या स्थलांतर कायद्याने होते. ज्यांचे शिक्षण दहावीपर्यंत पूर्ण झालेले नाही, अशांच्या पासपोर्टवर साधारणपणे ईसीआर असा उल्लेख असतो. अशा व्यक्तीला यूएई, सौदी अरेबिया, कतार, ओमान, कुवेत, बहारीन यांसह ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी स्थलांतर संरक्षकाच्या, म्हणजे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या, कार्यालयाची मंजुरी लागते. असे कार्यालय मुंबईत आहे आणि अर्ज परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या प्रणालीतून होतो. ईसीआर पासपोर्टवर या देशांत नोकरीला जाणाऱ्या स्त्रीचे वय किमान 30 असावे लागते. दहावी किंवा त्यापुढे शिकलेल्यांना ही मंजुरी लागत नाही. परिचारिका मात्र त्याला अपवाद आहेत. त्यांचा पासपोर्ट ईसीआर नसला, तरी या देशांत जाण्यासाठी त्यांना 2015 पासून ई-मायग्रेटमधूनच जावे लागते.

मंजुरी म्हणजे आणखी एक सरकारी खेटा, असे समजून ती चुकवण्याकडे कल असतो. प्रत्यक्षात ईसीआर कामगाराच्या हातातले हे सर्वांत उपयोगी साधन आहे. या प्रक्रियेत परदेशी मालकाची नोंद होते, पगार आणि अटी प्रणालीत चढतात, आणि पुढे तंटा झाला तर भारतीय वकिलातीकडे दाखवायला कागद असतो. प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमाही याच वेळी निघतो. त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास 10 लाख रुपयांचे संरक्षण असून हप्ता 2 वर्षांसाठी 275 आणि 3 वर्षांसाठी 375 रुपये आहे. पॉलिसीची एक प्रत घरी ठेवावी. विमा असतो, पण घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो, असे होऊ नये.

परदेशातल्या नोकरीसाठी माणसे भरणाऱ्या एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाचे नोंदणी प्रमाणपत्र असणे कायद्याने बंधनकारक आहे. मुंबई कार्यालयाकडे नोंदलेल्या एजंटच्या क्रमांकात 'एमयूएम' ही अक्षरे येतात. हा क्रमांक ई-मायग्रेटवर तपासता येतो आणि नोंदणी चालू आहे, निलंबित आहे की रद्द झाली, तेही तिथे कळते. अडचण अशी, की गावाकडच्या माणसाची गाठ मुंबईच्या नोंदणीकृत एजंटशी क्वचितच पडते. मधे तालुक्याचा कोणीतरी असतो: आधी जाऊन आलेला, नात्यातला किंवा ट्रॅव्हल्सचे दुकान चालवणारा. भारतीय कायद्यात अशा सब-एजंटला स्थान नाही. त्याला दिलेल्या पैशांची पावती मुंबईच्या कार्यालयाची नसते, आणि बिनसले की मुंबईवाला म्हणतो, 'आम्ही त्याला ओळखत नाही.' ओळखीचा माणूस असला तरी मुलाखत, कागद आणि पैसे हे तिन्ही व्यवहार नोंदणीकृत कार्यालयात, त्याच्याच नावाने व्हावेत.

पैशांचा हिशोब

नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये सेवाशुल्क घेता येते. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला तर रक्कम 35,400 रुपये होते. त्याची पावती देणे बंधनकारक आहे. व्हिसाचा खर्च, कामाच्या परवान्याची फी, तिथली वैद्यकीय तपासणी आणि एमिरेट्स आयडी यांचा भार यूएईच्या कायद्यानुसार कंपनीवर आहे. 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू झालेल्या नव्या कामगार कायद्याने, म्हणजे 2021 च्या 33 क्रमांकाच्या संघीय कायद्याने, भरतीचा खर्च कामगाराकडून थेट किंवा आडमार्गाने वसूल करण्यास मनाई केली आहे. 'आधी आम्ही भरतो, मग पगारातून दरमहा कापू' ही अटही त्यामुळे बेकायदा ठरते.

प्रत्यक्षात मात्र दोन हिशोब चालतात: एक पावतीचा, दुसरा रोखीचा. पावती नियमातल्या रकमेची फाडली जाते आणि उरलेले पैसे 'व्हिसाचे', 'सीटचे' किंवा 'तिकीट पक्के करण्याचे' म्हणून हातावर घेतले जातात. घरचे दागिने गहाण पडतात, सोसायटीचे किंवा पतपेढीचे कर्ज निघते. असा कर्जबाजारी होऊन गेलेला माणूस तिथे पहिले सहा महिने काहीही सहन करतो, कारण रिकाम्या हाताने परतणे त्याला परवडत नाही. मागितलेली रक्कम आणि कायदेशीर मर्यादा यांत जितका फरक, तितकी पुढची नोकरी संशयास्पद, हा ढोबळ निकष बहुतेक वेळा खरा ठरतो. चांगल्या कंपनीला माणूस हवा असतो, त्यामुळे ती स्वतः खर्च करते. व्हिसा विकण्यातच ज्याची कमाई आहे, त्याला पुढे नोकरी टिकली काय आणि गेली काय, सारखेच. पैसे द्यायचेच झाले तर बँकेतून द्यावेत, आणि ऑफर लेटरचा क्रमांक तपासल्यानंतरच द्यावेत.

ऑफर लेटर कसे वाचावे

मुलाखतीत एकच आकडा सांगतात: 'टोटल पॅकेज दोन हजार दिरहम.' ऑफर लेटरमध्ये त्याचे तुकडे पडलेले असतात: मूळ वेतन, घरभाडे, प्रवास, जेवण. यातले मूळ वेतन सर्वांत महत्त्वाचे, कारण ओव्हरटाइम, न घेतलेल्या रजेचे पैसे आणि नोकरीअखेरची ग्रॅच्युइटी हे सगळे त्यावर मोजतात.

दोन ऑफर शेजारी ठेवल्या की फरक कळतो. दोन्हीत एकूण पगार 2,000 दिरहम आहे. पहिलीत मूळ वेतन 800 आणि भत्ते 1,200; दुसरीत मूळ वेतन 1,400 आणि भत्ते 600. कायद्यानुसार पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे 21 दिवसांच्या मूळ वेतनाइतकी ग्रॅच्युइटी मिळते. पहिल्या ऑफरमध्ये ती वर्षाला 560 दिरहम होते आणि दुसरीत 980. पाच वर्षांनी पहिला कामगार 2,800 आणि दुसरा 4,900 दिरहम घेऊन परततो. ओव्हरटाइमचा दर तासाच्या मूळ वेतनावर किमान 25 टक्के जास्त असतो, आणि रात्री 10 ते पहाटे 4 या वेळेतल्या जादा कामाला, पाळीची ड्युटी वगळता, 50 टक्के जास्त. दिवसाला दोन तास याप्रमाणे महिन्याचे 26 दिवस ओव्हरटाइम केला, तर पहिल्याला सुमारे 217 आणि दुसऱ्याला सुमारे 379 दिरहम मिळतात. मुलाखतीत दोघांनाही सांगितलेला आकडा एकच होता.

बाकीच्या अटींतही पाहण्यासारखे बरेच असते. कामाचे तास सर्वसाधारणपणे दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 पेक्षा जास्त नसावेत. एक वर्ष पूर्ण केलेल्याला वर्षाला 30 दिवसांची भरपगारी रजा मिळते. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त नसते. नोटीस 30 ते 90 दिवसांची असते. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कंपनीने 1,500 दिरहमपेक्षा कमी पगाराच्या कामगारांची राहण्याची सोय करायची असते. आरोग्य विमा कंपनीने काढायचा असतो आणि 1 जानेवारी 2025 पासून ही सक्ती सर्व अमिरातींत लागू आहे. दरवर्षी गावी जाण्याचे तिकीट मात्र कायद्याने मिळत नाही. तोंडी कबूल केले असेल, तर ते लिहून घ्यावे.

पदाचे नाव हीसुद्धा दुय्यम बाब नाही. इलेक्ट्रिशियन म्हणून मुलाखत झाली आणि ऑफरवर 'हेल्पर' किंवा 'क्लीनर' असे पद आले, तर 'कोटा नव्हता, तिथे गेल्यावर बदलून देऊ' असे उत्तर मिळते. पद बदलायला नवी प्रक्रिया लागते आणि तोपर्यंत कागदावरच्या पदाचाच पगार लागू राहतो. कुटुंबाला नेण्याचा विचार असेल, तर पगाराचा आकडा आणखी एका अर्थाने महत्त्वाचा आहे. पत्नी-मुलांचा व्हिसा काढायला किमान 4,000 दिरहम पगार किंवा 3,000 दिरहम आणि राहण्याची जागा लागते.

व्हिजिटवर जाणे आणि आझाद व्हिसा

कोकणात, मराठवाड्यात, मुंबई-ठाण्याच्या वस्त्यांत सर्रास दिले जाणारे आश्वासन असे: 'कंपनीला घाई आहे, आत्ता व्हिजिटवर जा, तिथे गेल्यावर एम्प्लॉयमेंट करून देतील.' व्हिजिट व्हिसा पर्यटनासाठी किंवा नातेवाइकांना भेटण्यासाठी असतो. त्यावर काम करणे यूएईत बेकायदा आहे. 2024 च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्या कंपनीला 1 लाख ते 10 लाख दिरहम दंड होऊ शकतो. ईसीआर पासपोर्टच्या माणसाला या मार्गाने पाठवण्यामागे एजंटचा दुसराही फायदा असतो. पर्यटक म्हणून गेला, की स्थलांतर संरक्षकाची मंजुरी, नोंदवलेला करार आणि विमा हे तिन्ही टळतात.

पुढचा प्रवास बहुधा ठरलेला असतो. विमानतळावर कोणीतरी घ्यायला येतो, पासपोर्ट 'व्हिसा चेंजसाठी' मागून घेतो आणि शारजा किंवा अजमानमधल्या एका खोलीत बंक बेडवर जागा देतो. खोलीत आधीच पाच-सहा जण त्याच आश्वासनावर आलेले असतात. पहिले काही दिवस 'कंपनीत सुट्टी आहे', मग 'फाइल टाकली आहे' असे ऐकायला मिळते. काहींना साइटवर नेऊन रोजंदारीने राबवले जाते. पैसे मागितले तर 'तुझ्याकडे परवानाच नाही' हे उत्तर तयार असते. व्हिसाची मुदत संपली की दिवसाला 50 दिरहम दंड चढू लागतो. या अवस्थेत कामगाराजवळ ऑफर नसते, करार नसतो, कंपनीचे नावही नक्की नसते. त्यामुळे तक्रार करायची ती कोणाविरुद्ध, हेच ठरत नाही.

देशात आल्यावर व्हिजिटचा व्हिसा नोकरीच्या व्हिसात बदलून घेणे कायद्याने शक्य आहे, आणि शिकलेले अनेक जण तिथे जाऊन मुलाखती देऊन नोकरी मिळवतात. पण ते स्वतःच्या खर्चाने, परतीचे तिकीट हातात ठेवून जातात आणि परवाना निघेपर्यंत कामाला हात लावत नाहीत. एजंटने कामासाठी म्हणून व्हिजिटवर पाठवणे ही निराळी गोष्ट आहे.

आझाद व्हिसा हा दुसरा फसवा मार्ग. यात एखाद्या कंपनीच्या नावावर परवाना विकत घेतला जातो, पण त्या कंपनीत काम नसते. 'व्हिसा आमचा, काम कुठेही कर' असा सौदा असतो. कायद्यात असा प्रकारच नाही. परवान्यावरचा मालक सोडून दुसऱ्याकडे मंत्रालयाच्या मंजुरीशिवाय काम करताना पकडले गेले, तर हद्दपारी होऊ शकते. कागदावरच्या मालकाच्या हातात तर कायमचे हत्यार राहते. सलग सात दिवसांहून अधिक गैरहजर असलेल्या कामगाराविरुद्ध त्याला काम सोडून गेल्याची नोंद करता येते. बोलण्यात हिला 'ॲबस्कॉन्ड लावणे' म्हणतात. नूतनीकरणाच्या वेळी आणखी पैसे उकळण्यासाठी ही धमकी पुरते.

नाव, प्रमाणपत्रे आणि सामान

कागदपत्रांच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या अर्जदाराची एक खास अडचण असते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो. पासपोर्टवर तो वेगळा असतो. लग्न झालेल्या स्त्रीची प्रमाणपत्रे माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने, हेही नेहमीचेच. क्रमातल्या फरकाने सहसा अडत नाही, पण स्पेलिंगमधला किंवा आडनावातला फरक साक्षांकनात अडवतो. तो अर्ज करण्याआधी प्रतिज्ञापत्र, राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्राने मिटवून घ्यावा. पासपोर्टवर एकच शब्द नाव म्हणून असेल, तर 2022 च्या नियमानंतर यूएईच्या व्हिजिट व्हिसावर प्रवेश मिळत नाही.

शिक्षणाची अट असलेल्या पदांसाठी प्रमाणपत्राचे साक्षांकन लागते. यूएई अपोस्टील कराराचा सदस्य नाही, त्यामुळे एका शिक्क्यावर काम भागत नाही. आधी राज्य पातळीवर, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि त्यानंतर यूएईच्या वकिलातीकडून साक्षांकन होते, आणि शेवटचा शिक्का तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा. मूळ प्रमाणपत्र या काळात अनेक हातांतून फिरते. ते देताना पोच घ्यावी आणि रंगीत स्कॅन स्वतःकडे ठेवावा. मूळ पदवी 'सुरक्षित राहावी म्हणून' एजंटकडे ठेवण्याचे कारण नाही.

निवास परवान्यासाठीची वैद्यकीय तपासणी यूएईत होते. त्यात रक्त आणि छातीचा एक्सरे पाहतात. एचआयव्ही किंवा क्षयरोग आढळल्यास परवाना नाकारला जातो. पूर्वी क्षयरोग होऊन बरा झालेल्याच्याही एक्सरेत डाग दिसू शकतो. म्हणून इथल्या नोकरीचा राजीनामा देण्याआधी स्वखर्चाने एक एक्सरे काढून डॉक्टरांना दाखवणे शहाणपणाचे. त्या तपासणीचा खर्च कर्ज काढून गेलेल्याच्या परतीच्या तिकिटापेक्षा पुष्कळ कमी असतो.

सामान भरताना दोन गोष्टी घरच्यांना बजावून सांगाव्यात. यूएईत खसखशीवर बंदी आहे आणि ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. मसाल्याच्या डब्यातली पुडी तर नकोच, पण खसखस लावलेले अनारसेही नकोत. दुसरी गोष्ट औषधांची. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके आणि झोपेची औषधे यांवर कडक निर्बंध आहेत. नेहमीचे औषध असेल, तर ते नेता येते का हे आधी पाहावे, लागत असल्यास तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी घ्यावी आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी. दुसऱ्याच्या घरी पोहोचवायचे पार्सल न उघडता नेऊ नये.

पोहोचल्यावर

करारावर सही करताना तो ऑफर लेटरशी ताडून पाहावा. त्यासाठी ऑफरची प्रत फोनमध्ये आणि घरी, दोन्हीकडे असावी. सही झालेल्या कराराची प्रत मंत्रालयाच्या ॲपवर मिळते. कंपनीच्या कार्यालयात ती मागत बसायची गरज नाही.

पासपोर्ट स्वतःजवळ ठेवावा. यूएईच्या कायद्यानुसार मालकाला कामगाराची कागदपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत. भारताच्या 1967 च्या पासपोर्ट कायद्यानुसार तर पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. व्हिसाच्या कामासाठी दिला, तर काम झाल्यावर तो परत मागावा.

पगार 2009 पासून चालू असलेल्या वेतन संरक्षण प्रणालीतून, म्हणजे बँक किंवा मान्यताप्राप्त एक्स्चेंजमार्फत यायला हवा. ठरल्या तारखेनंतर 15 दिवस उलटले, तर तो थकला असे मानतात आणि मंत्रालयाकडे त्याची नोंद होते. रोख पगार आणि कोऱ्या व्हाउचरवर सही हे दोन्ही टाळावे. पगाराचे कार्ड आणि पिन कॅम्प-बॉसकडे, म्हणजे कामगारांच्या निवासाच्या प्रमुखाकडे, ठेवण्याची रीत काही ठिकाणी आहे, तीही मानू नये. नोकरी गेल्यास मिळणारा विमा 1 जानेवारी 2023 पासून सक्तीचा आहे आणि त्याचा हप्ता मात्र कामगारानेच भरायचा असतो. मूळ वेतन 16,000 दिरहमपर्यंत असेल तर तो महिन्याला 5 दिरहम आहे. बारा महिने हप्ते भरलेल्याला, राजीनामा न देता किंवा शिस्तभंगाची कारवाई न होता नोकरी गेल्यास, मूळ वेतनाच्या 60 टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते.

बाहेर काम करणाऱ्यांसाठी 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी 12.30 ते 3 काम बंद ठेवण्याचा नियम आहे. उन्हात राबवून घेतले जात असेल, तर नाव न सांगताही कळवता येते.

नोकरी बदलताना आणि बिनसल्यावर

प्रोबेशनमध्ये नोकरी सोडून यूएईतच दुसरीकडे जायचे असेल, तर एक महिन्याची लेखी नोटीस लागते आणि आधीच्या कंपनीचा भरतीखर्च नव्या कंपनीने भरून द्यायचा असतो, कामगाराने नव्हे. देश सोडून जायचे असेल, तर 14 दिवसांची नोटीस पुरते. कंपनीलाही प्रोबेशनमध्ये कामावरून काढताना 14 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. 'दोन वर्षांआधी सोडले तर व्हिसाचे पैसे भर' असा बाँड भारतात लिहून घेतला जातो. कामगाराकडून भरतीखर्च वसूल करायलाच बंदी असल्याने तिथे त्याला आधार मिळत नाही.

पगार थकला, करार बदलला किंवा पासपोर्ट अडवला, तर पहिली तक्रार तिथल्या मानव संसाधन मंत्रालयाकडे, ॲपवर किंवा फोनवर करावी. ती करायला पैसे लागत नाहीत. 50,000 दिरहमपर्यंतच्या दाव्यांवर 2024 पासून मंत्रालय स्वतः निर्णय देऊ शकते. त्यापुढचे दावे न्यायालयात जातात. फ्री झोनमधल्या कामगाराने आधी झोनच्या प्राधिकरणाकडे जावे. नोकरी संपल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा करता येतो. तक्रारीच्या आधी काम सोडून निघून जाऊ नये, कारण गैरहजेरीची नोंद झाली की बाजू उलटते. भारतीय बाजूने अबू धाबीतला दूतावास, दुबईतला वाणिज्य दूतावास, मदद हे पोर्टल आणि दुबईतले प्रवासी भारतीय सहायता केंद्र यांची मदत मिळते. केंद्राचा तिथला मोफत क्रमांक 800 46342 आहे. भारतातून घरच्यांना 1800 11 3090 या क्रमांकावर बोलता येते. नोंदणी नसलेल्या एजंटविरुद्ध पोलिसांत तक्रार करता येते. 1983 च्या कायद्याखाली त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय फसवणुकीचे कलम वेगळे लागते.

नोकरी संपल्यावर कंपनीने सर्व देणी 14 दिवसांत चुकती करायची असतात: उरलेला पगार, न घेतलेल्या रजेचे पैसे, आणि किमान एक वर्ष नोकरी झाली असेल तर ग्रॅच्युइटी. दुसरी नोकरी धरलेली नसेल आणि काढून टाकण्यामागे कामगाराचा दोष नसेल, तर परतीचे तिकीटही तिनेच द्यायचे. परवाना रद्द करण्याच्या अर्जावर 'माझी सर्व देणी मिळाली' असे वाक्य असते आणि त्याखाली कामगाराची सही घेतात. 'आधी सही कर, पैसे एअरपोर्टवर देतो' हे ऐकून अनेकांनी सही केली आणि पैसे मिळालेच नाहीत. त्या सहीनंतर हक्क सांगणे अवघड होते. रक्कम बँकेत जमा झाल्याचा मेसेज पाहावा, हिशोबाचा कागद ताडून घ्यावा आणि मगच सही करावी.